थोड्या पिक्सेलांतून पूर्ण चित्र : संगणकीय खेळांतील एआय अपस्केलिंगच्या पिढ्या

जयपूर : सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ मध्ये बांधून घेतलेल्या हवामहलाच्या पाच मजली दर्शनी भिंतीत ९५३ झरोके आहेत. त्यांवरील नाजूक जाळ्या पर्यटकांना जितक्या मोहवतात, तितक्याच त्या संगणकाला अवघड जातात. अशी वास्तू एखाद्या संगणकीय खेळात उभी केली आणि खेळाडू तिच्यासमोरून चालू लागला, तर जाळीची एकेक काडी पडद्यावरील एका पिक्सेलपेक्षाही बारीक होते. पिक्सेल कमी पडले की काड्या तुटतात, लुकलुकतात किंवा एकमेकींत मिसळून नुसता गुलाबी डाग उरतो. गेली काही वर्षे ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्या ज्या 'एआय अपस्केलिंग'चा गाजावाजा करत आहेत, त्याची खरी कसोटी अशाच जागी लागते.

हा विषय केवळ खेळाडूंपुरता राहिलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या खेळातील परिसर मध्ययुगीन राजस्थानी स्थापत्यापासून प्रेरणा घेऊन रचलेला आहे. राजस्थान सरकारने २०२४ च्या अखेरीस ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. हे शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि हौशी खेळाडू जयपूरच्या जयंती मार्केटमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला जातात, तेव्हा खोक्यावर त्यांना 'डीएलएसएस ४', 'एफएसआर ४' अशी नावे आणि सेकंदाला किती फ्रेम मिळतील याचे मोठाले आकडे दिसतात. त्या आकड्यांत नेमके काय मोजलेले असते, हे समजून घेण्यासाठी या तंत्राच्या पिढ्या क्रमाने पाहाव्या लागतात.

प्रश्न मुळात काय आहे?

सर्वसाधारण फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. ४के पडद्यावर हीच संख्या चौपट, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० होते. खेळ सेकंदाला ६० फ्रेमच्या गतीने चालवायचा तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. ४के पडद्यासाठी हा हिशेब सेकंदाला सुमारे ५० कोटी पिक्सेलांवर जातो. प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या आणि प्रतिबिंबे काढणारे 'रे ट्रेसिंग' त्यात जोडले, की महागडी कार्डेही धापा टाकू लागतात.

यावरचा उपाय म्हणजे चित्र लहान आकारात काढायचे आणि मग मोठे करायचे. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली, तर पिक्सेल चौथ्या हिश्शावर येतात आणि कार्डाचे काम मोठ्या प्रमाणात हलके होते. जुन्या पद्धतीत मधल्या रिकाम्या जागा शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून भरत. त्यामुळे चित्र मोठे होई, पण त्यातील तपशील वाढत नसे. हवामहलाची जाळी अशा चित्रात धुक्यातून पाहिल्यासारखी दिसे. मोठ्या चित्रासाठी लागणारे जादा पिक्सेल आणायचे कोठून, या एकाच प्रश्नाला प्रत्येक पिढीने वेगळे उत्तर दिले आहे.

पहिली पिढी : शिकलेल्या आठवणीवर भिस्त

एनव्हिडियाने सप्टेंबर २०१८ मध्ये आरटीएक्स २० मालिकेची कार्डे बाजारात आणली. त्यांत न्यूरल नेटवर्कची गणिते वेगाने करणारे 'टेन्सर कोअर' हे स्वतंत्र विभाग होते. त्यांच्याच आधारावर डीप लर्निंग सुपर सॅम्पलिंग, म्हणजे डीएलएसएस, हे तंत्र मांडले गेले. एकाच दृश्याची लहान आणि अतिशय सुस्पष्ट अशी दोन्ही चित्रे कंपनीच्या संगणकांवर नेटवर्कला दाखवायची, लहानावरून मोठे कसे घडवायचे हे त्याला शिकवायचे आणि ते शिकलेले नेटवर्क खेळाडूच्या कार्डावर चालवायचे, अशी ही योजना होती.

ही पद्धत दोन ठिकाणी अडली. एक म्हणजे प्रत्येक खेळासाठी नेटवर्क वेगळे शिकवावे लागे. दुसरे म्हणजे ते मुख्यतः समोरच्या एकाच फ्रेमवर अवलंबून असे. लहान चित्रात जाळीची काडी उमटलीच नसेल, तर ती कोठे असावी याचा नेटवर्कने केवळ अंदाज बांधायचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'बॅटलफील्ड ५' आणि 'मेट्रो एक्सोडस' या खेळांत हे तंत्र आले, तेव्हा चित्र पुसट दिसत असल्याची टीका झाली आणि कंपनीला सुधारणांचे आश्वासन द्यावे लागले.

दुसरी पिढी : मागील चित्रांतून जमवलेली माहिती

मार्च २०२० मध्ये आलेल्या डीएलएसएस २.० ने दिशा बदलली. झरोक्याच्या जाळीआडून रस्ता पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले, तर हा बदल सहज उमगतो. तो स्थिर उभा राहिला तर जाळीच्या छिद्रांतून दिसेल तेवढेच त्याला दिसते. मात्र त्याने मान किंचित इकडेतिकडे हलवली, की काडीमागे लपलेला भाग दिसू लागतो आणि त्या तुकड्यांतून रस्त्याचे बरेचसे पूर्ण चित्र त्याच्या मनात तयार होते.

दुसऱ्या पिढीचे तंत्र हेच करते. खेळातील कॅमेरा प्रत्येक फ्रेमला पिक्सेलच्या काही अंशाने सरकवला जातो. खेळाडूच्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण प्रत्येक लहान चित्रात दृश्याचा थोडा वेगळा नमुना येतो. मागील फ्रेमांमधील हे नमुने साठवून नव्या फ्रेममध्ये मिसळले जातात. दृश्यातील वस्तू हलत असल्याने कोणता बिंदू कोठून कोठे गेला हे सांगणारे 'मोशन व्हेक्टर' खेळाच्या इंजिनाकडून घेतले जातात. कोणता जुना नमुना अजून भरवशाचा आहे आणि कोणता टाकून द्यायचा, हा निर्णय न्यूरल नेटवर्क करते. एआयचे मुख्य काम येथे नवे चित्र कल्पिण्याचे नसते, खऱ्या माहितीची निवड करण्याचे असते. त्यामुळे प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र शिकवणीची गरज संपली आणि एकच नेटवर्क सर्वत्र चालू लागले.

'क्वालिटी' पर्यायात ४के चित्रासाठी २५६० गुणिले १४४० आकाराचे मूळ चित्र काढले जाते, तर 'परफॉर्मन्स' पर्यायात १९२० गुणिले १०८० आकाराचे. तरीही दोष उरलेच. एखादे पात्र बाजूला सरकते, तेव्हा त्यामागील भिंतीचा भाग प्रथमच दिसतो. त्याचा पूर्वेतिहास साठ्यात नसल्याने तेथे क्षणभर कणकणीतपणा येतो. पाऊस, धूर, ठिणग्या यांचे मोशन व्हेक्टर अनेकदा नीट मिळत नाहीत आणि हलत्या वस्तूमागे फिकट सावली रेंगाळते. या दोषाला 'घोस्टिंग' म्हणतात.

याच काळात इतर कंपन्याही उतरल्या. एएमडीने जून २०२१ मध्ये फिडेलिटीएफएक्स सुपर रिझोल्यूशन, म्हणजे एफएसआर, आणले. त्याची पहिली आवृत्ती एकाच फ्रेमवर काम करी आणि तीत एआय नव्हते. मे २०२२ मध्ये 'डेथलूप' खेळातून आलेली दुसरी आवृत्ती मागील फ्रेमांची माहिती जमवू लागली, मात्र निवडीचे नियम अभियंत्यांनी हाताने लिहिलेले होते. बारीक जाळ्या आणि केस यांत ती डीएलएसएसच्या मागे पडे. पण ती प्रतिस्पर्धी कंपनीच्या, टेन्सर कोअर नसलेल्या जुन्या कार्डांवरही चालत होती. नवे कार्ड परवडत नसलेल्यांसाठी हा मोठाच दिलासा होता. इंटेलने सप्टेंबर २०२२ मध्ये एक्सईएसएस आणले. त्यातही न्यूरल नेटवर्क आहे. इंटेलच्या आर्क कार्डांवर ते पूर्ण क्षमतेने चालते, तर इतर कंपन्यांच्या कार्डांसाठी त्याचे साधे रूप उपलब्ध आहे.

तिसरी पिढी : मधल्या फ्रेमची निर्मिती

ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेसोबत डीएलएसएस ३ आले आणि 'अपस्केलिंग' या शब्दाच्या मर्यादेबाहेरची एक गोष्ट त्याच नावाखाली विकली जाऊ लागली. ती म्हणजे फ्रेम जनरेशन. संगणकाने काढलेल्या दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये एक फ्रेम एआयने तयार करायची आणि दाखवायची. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर पडद्यावर सुमारे १२० दिसतात आणि हालचाल अधिक सलग वाटते.

यात एक अपरिहार्य अडचण आहे. मधली फ्रेम घडवण्यासाठी पुढची खरी फ्रेम आधी हाती असावी लागते. म्हणजे ती तयार झाली तरी लगेच न दाखवता थोडी थांबवून ठेवावी लागते. शिवाय खेळाडूने माउस हलवल्याची किंवा कळ दाबल्याची दखल केवळ खऱ्या फ्रेमांतच घेतली जाते. मूळ गती सेकंदाला ३० फ्रेम असेल, तर पडद्यावर ६० दिसल्या तरी हाताला मिळणारा प्रतिसाद ३० चाच असतो, किंबहुना थोडा अधिक संथ. हा विलंब कमी करण्यासाठी एनव्हिडियाने 'रिफ्लेक्स' हे तंत्र सोबत जोडले. मूळ गती ६० च्या आसपास असेल तर फ्रेम जनरेशनचा लाभ होतो. मूळ खेळच अडखळत असेल तर दृश्य गुळगुळीत दिसते, पण खेळ हाताला जडच लागतो. एएमडीने सप्टेंबर २०२३ मध्ये एफएसआर ३ द्वारे अशीच सोय आणली, तीही अनेक जुन्या कार्डांसह.

त्याच महिन्यात डीएलएसएस ३.५ मधून 'रे रिकन्स्ट्रक्शन' आले. जाळीतून फरशीवर पडणारा कवडसा हे त्याचे उत्तम उदाहरण ठरेल. रे ट्रेसिंगमध्ये वेळेअभावी मोजकेच किरण सोडता येतात, म्हणून मूळ चित्र ठिपक्याठिपक्यांचे दिसते. ते ठिपके गाळणाऱ्या जुन्या पद्धतींत कवडशाच्या कडा पुसल्या जात. नव्या तंत्रात हे गाळणे आणि चित्र मोठे करणे ही दोन्ही कामे एकच नेटवर्क करते. ही सोय २०१८ च्या आरटीएक्स कार्डांवरही मिळाली, मात्र फ्रेम जनरेशन ४० मालिका आणि त्यानंतरच्या कार्डांपुरते राहिले.

चौथी पिढी : नवे नेटवर्क, मोठे आकडे

जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएलएसएस ४ मध्ये दोन स्वतंत्र बदल आहेत आणि ते वेगवेगळे पाहणे आवश्यक आहे.

पहिला बदल चित्राच्या दर्जाचा. तोवर वापरात असलेले 'कन्व्होल्यूशनल' नेटवर्क प्रामुख्याने पिक्सेलच्या आसपासचा भाग पाही. त्याऐवजी 'ट्रान्सफॉर्मर' रचना आली. मराठी वाचकांना परिचित झालेल्या एआय संवाद-प्रणालींचा पायाही हीच रचना आहे. चित्राच्या दूरच्या भागांचा आणि अनेक फ्रेमांचा परस्परसंबंध ती अधिक चांगला जोखते. परिणामी जाळ्या, तारा, कुंपणे कमी लुकलुकतात आणि घोस्टिंग घटते. महत्त्वाचे म्हणजे हे नवे नेटवर्क २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या सर्व आरटीएक्स कार्डांना मिळाले. सात वर्षे जुन्या कार्डाचे चित्र त्यामुळे नव्या खरेदीविना सुधारले. मात्र नव्या नेटवर्कचे गणित अधिक जड असल्याने जुन्या कार्डांवर गतीतील काही लाभ खर्ची पडतो. जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालेल्या डीएलएसएस ४.५ मधील दुसऱ्या पिढीच्या ट्रान्सफॉर्मरबाबत हा फरक आरटीएक्स २० आणि ३० मालिकांवर विशेष जाणवतो.

दुसरा बदल आकड्यांचा. 'मल्टी फ्रेम जनरेशन'मध्ये प्रत्येक खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत कृत्रिम फ्रेम दाखवता येतात आणि ही सोय केवळ आरटीएक्स ५० मालिकेसाठी आहे. येथे साधा हिशेब करून पाहावा. परफॉर्मन्स पर्यायात एका फ्रेममधील चौथा हिस्सा पिक्सेल प्रत्यक्ष काढले जातात, आणि चार फ्रेमांतील एकच फ्रेम खरी असते. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या १६ पिक्सेलांपैकी एकच प्रत्यक्ष काढलेला, उरलेले १५ एआयने पुरवलेले.

याच हिशेबावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी लास व्हेगास येथील कार्यक्रमात, ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० कार्ड आधीच्या पिढीतील अग्रणी आरटीएक्स ४०९० च्या तोडीची कामगिरी देईल, असे सांगितले होते. एआयविना हे अशक्य असल्याचेही त्यांनी तेथेच नमूद केले. कृत्रिम फ्रेम बाजूला ठेवून तुलना झाली, तेव्हा नवे कार्ड ४०९० च्या बरेच मागे असल्याचे स्पष्ट झाले. तो आकडा पडद्यावर दिसणाऱ्या फ्रेमांचा होता. कार्ड प्रत्यक्ष किती फ्रेम काढते, याचे उत्तर त्यात नव्हते.

एएमडीने मार्च २०२५ मध्ये आरएक्स ९०७० मालिकेसोबत एफएसआर ४ आणले आणि प्रथमच अपस्केलिंगसाठी एआयचा आधार घेतला. दर्जात मोठी झेप दिसली, पण सर्व कार्डांवर चालण्याचे जुने वैशिष्ट्य सुटले. त्या मालिकेसाठी आलेली ही सोय आधीच्या पिढ्यांच्या कार्डांना तेव्हा मिळाली नाही. दर्जा आणि सर्वांसाठी उपलब्धता यांतील हा ताण सर्वच कंपन्यांच्या वाटचालीत दिसतो.

खेळ बनवणाऱ्यांची सवय

अपस्केलिंग हे सुरुवातीला जादा लाभ म्हणून आले. आता ते गृहीत धरले जाऊ लागले आहे. २०२३ मध्ये 'रेमनंट २'च्या निर्मात्यांनी आपला खेळ अपस्केलिंग लक्षात घेऊनच घडवल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या 'ॲलन वेक २'ने किमान गरजांच्या यादीतही अपस्केलिंग धरले होते. फेब्रुवारी २०२५ मधील 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'च्या शिफारशीत तर फुल एचडी पडद्यावर ६० फ्रेम मिळतील त्या फ्रेम जनरेशन चालू ठेवल्यावर, असे नमूद होते. ज्या तंत्राने जुन्या कार्डाचे आयुष्य वाढायचे, त्याच्याच भरवशावर खेळ अधिक जड होऊ लागले, तर वाचलेला वेळ ग्राहकाच्या हाती राहत नाही.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

पहिली बाब पडद्याची. देशात बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे फुल एचडी पडद्याचे लॅपटॉप असतात. ४के पडद्यावर परफॉर्मन्स पर्याय सुमारे २० लाख पिक्सेलांपासून सुरुवात करतो. फुल एचडी पडद्यावर मात्र तोच पर्याय ९६० गुणिले ५४० म्हणजे जेमतेम ५ लाख पिक्सेलांपासून. पर्यायाचे नाव एकच, पण पाया चौपट लहान. म्हणून ४के पडद्यावरील जाहिरातीचे चित्र पाहून फुल एचडीचा अंदाज बांधू नये. अशा पडद्यावर क्वालिटी पर्याय अधिक सुरक्षित.

दुसरी बाब आकड्याची. दाखवलेल्या फ्रेम अपस्केलिंगने मिळाल्या की फ्रेम जनरेशनने, हे विचारावे. अपस्केलिंगने वाढलेली गती हाताला जाणवते. फ्रेम जनरेशनची वाढ केवळ डोळ्यांना दिसते. सावकाश फिरून पाहण्याच्या खेळात ती पुरेशी असते, पण निशाणेबाजीच्या स्पर्धेत तिचा उपयोग नाही. शिवाय फ्रेम जनरेशन कार्डावरील स्मृतीही वापरते, त्यामुळे ८ जीबीच्या कार्डांवर ते कधी कधी उलटते.

तिसरी बाब विजेची आणि उष्णतेची. जयपूर काय किंवा नागपूर काय, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अपस्केलिंग चालू केले आणि गतीवर मर्यादा घातली नाही, तर कार्ड पूर्ण ताकदीने अधिक फ्रेम काढत राहते आणि तेवढेच तापते. पडद्याच्या क्षमतेइतकी, म्हणजे ६० किंवा तत्सम, मर्यादा घातली तर तेच काम कमी विजेत होते, पंखे शांत राहतात आणि यंत्र टिकते.

चौथी बाब खरेदीच्या गरजेची. स्मृतीच्या चिपांच्या टंचाईमुळे २०२५ च्या अखेरीपासून संगणकाचे सुटे भाग महागले आहेत. हाताशी आरटीएक्स कार्ड असेल तर आधी ड्रायव्हर अद्ययावत करून नवे नेटवर्क वापरून पाहावे. चित्राचा दर्जा सुधारण्यासाठीच नवे कार्ड घ्यायचे ठरले असेल, तर तो खर्च कदाचित टळेल.

एक सावधगिरी मात्र खेळापलीकडची आहे. वारसा वास्तूंची डिजिटल नोंद करणारे विद्यार्थी आणि अभ्यासक हीच इंजिने वापरतात. खेळात जाळीची एखादी काडी एआयने अंदाजाने भरली तर काही बिघडत नाही, कारण ती शोभून दिसली की काम भागते. नोंदीत मात्र काड्या किती, कोणत्या आकाराच्या आणि कोठे तुटलेल्या, यालाच मोल असते. नेटवर्क तेथे अखंड जाळी दाखवू शकते आणि ती खरी वाटते, हीच अडचण. म्हणून फिरते दृश्य दाखवताना अपस्केलिंग खुशाल वापरावे. जतन करायची अंतिम चित्रे मात्र पूर्ण आकारात, प्रत्येक पिक्सेल प्रत्यक्ष मोजूनच काढावीत. त्यांना वेळ अधिक लागेल, पण त्या कामात १६.७ मिलिसेकंदांची घाई कोणालाच नसते.